शेजारच्या आरक्षित मैदानावर इमारत येणार म्हणतात: हरकत कधी, कुठे आणि कशी घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा: महापालिका हद्दीतल्या एका सोसायटीला लागून विकास योजनेत, म्हणजे डीपीत, क्रीडांगणाचे आरक्षण आहे. जागा खासगी मालकाची आहे. तिथे इमारत होणार अशी कुणकुण लागली आहे. पालिका असा प्रस्ताव कसा तपासते, रहिवाशांना त्यात बोलायला कधी मिळते आणि हरकत लिहायची कशी?

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा या सगळ्याचा मूळ कायदा. त्यात नागरिकाला हरकत घ्यायचा हक्क आराखड्याच्या टप्प्यावर दिलेला आहे. एखाद्या इमारतीच्या परवानगीचा अर्ज आला, की शेजाऱ्यांना नोटीस द्यावी, त्यांचे म्हणणे ऐकावे, असा टप्पा या कायद्यात नाही. कलम ४४ खाली अर्ज येतो, कलम ४५ खाली निर्णय होतो आणि निर्णय पटला नाही तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. पण ते अपील फक्त अर्जदाराचे. शेजाऱ्याला तिथे जागाच नाही. त्यामुळे जेसीबी दारात उभा राहिल्यावर धावपळ करणाऱ्या सोसायटीची हरकतीची खरी तारीख बहुधा कधीच उलटून गेलेली असते.

म्हणून पहिले काम हे शोधणे, की आरक्षण हटवायचा किंवा वापरायचा कोणता मार्ग निवडला गेला आहे. मार्ग वेगळा, की तुमचे हत्यारही वेगळे.

पहिला मार्ग कलम ३७ चा फेरबदल. आरक्षण वगळून जागा रहिवास विभागात घ्यायची, तर मंजूर विकास योजनेत बदल करावा लागतो. त्यासाठी आधी सर्वसाधारण सभेचा ठराव होतो. प्रशासक असेल तेव्हा सभेचे अधिकार त्याच्याकडे असतात आणि ठराव कुणाच्या लक्षातही न येता होऊन जातो. मग राजपत्रात आणि वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध करून एका महिन्यात हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि हरकत घेणाऱ्यांना सुनावणी द्यावी लागते. त्यानंतर प्रस्ताव शासनाच्या नगरविकास विभागाकडे जातो आणि नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन शासन निर्णय देते. काही वेळा शासन स्वतःच कलम ३७(१अअ) खाली सूचना काढते आणि हरकती ऐकण्यासाठी अधिकारी नेमते. अशा वेळी हरकत पालिकेच्या आवक विभागात देऊन उपयोग नाही. सूचनेत ज्या अधिकाऱ्याचा पत्ता छापला आहे, त्याच्याकडेच ती मुदतीत पोचली पाहिजे.

हा एक महिना फार महत्त्वाचा. सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात, सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांकाच्या भाषेत येते. 'अमुक सोसायटीशेजारचे मैदान' असे त्यात कुठेही लिहिलेले नसते. त्यामुळे आपल्या भागातल्या प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ यांची एक पानी यादी सोसायटीच्या दप्तरात असली पाहिजे. सर्वसाधारण सभेची कार्यपत्रिकाही दर महिन्याला कुणीतरी डोळ्यांखालून घालावी. फेरबदलाची पहिली चाहूल तिथेच लागते, राजपत्राच्या कितीतरी आधी.

दुसरा मार्ग कलम १२७ चा, आणि रहिवाशांच्या दृष्टीने हा सर्वांत धोक्याचा. अंतिम विकास योजना अमलात येऊन १० वर्षे झाली आणि पालिकेने जागा घेतली नाही, तर मालक पालिकेला 'जागा विकत घ्या' अशी खरेदीची सूचना देऊ शकतो. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत पालिकेने जागा संपादित केली पाहिजे किंवा संपादनाची पावले उचलली पाहिजेत. नाहीतर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पूर्वी ही मुदत १२ महिन्यांची होती. 'पावले' म्हणजे नुसता सभेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना धाडलेले पत्र नव्हे. संपादनाची अधिघोषणा निघाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. या मार्गात नागरिकांच्या हरकती मागवायचा टप्पाच नाही. मालकाची सूचना पालिकेच्या टेबलावर पडून राहते, २४ महिने सरतात आणि मैदान जाते. ते गेल्याचे रहिवाशांना कळते तेव्हा राजपत्रात अधिसूचनाही निघून गेलेली असते.

इथे एकच उपाय चालतो: २४ महिन्यांचे घड्याळ तुम्ही स्वतः मोजायचे. माहितीच्या अधिकारात दर वर्षी एक साधा अर्ज करा: 'अमुक प्रभागातील आरक्षणांसंदर्भात कलम १२७ खाली मिळालेल्या सर्व सूचनांची यादी, मिळाल्याचा दिनांक, आरक्षण क्रमांक आणि त्यावर झालेली कार्यवाही.' सूचना आल्याचे कळले, की अंदाजपत्रकात संपादनाची तरतूद व्हावी म्हणून नगरसेवक, स्थायी समिती आणि आयुक्त यांच्यामागे लागायचे. रोख मोबदल्याची तयारी नसेल तर मालकाला टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, घ्यायला राजी करण्याचा प्रयत्न पालिकेने करावा, असे लेखी सुचवायचे. मोर्चापेक्षा अंदाजपत्रकातली एक ओळ इथे जास्त कामाची असते.

तिसरा मार्ग समावेशक आरक्षणाचा. मालकाने आरक्षित जागेचा ठरलेला भाग विकसित करून पालिकेला फुकट द्यायचा आणि उरलेल्या भागात स्वतःचे बांधकाम करायचे, अशी तरतूद नियमावलीत आहे. यात आरक्षण रद्द होत नाही, म्हणून हरकतीची सूचनाही निघत नाही. इथे इमारत थांबवायच्या मागे लागू नका. पालिकेच्या वाट्याचा तुकडा कुठे, कोणत्या आकाराचा आणि कोणत्या रस्त्यावरून जाता येणारा आहे, ते पाहा. लांबट पट्टी, कोपऱ्यातला त्रिकोण, मागच्या बाजूला कोंडलेली जागा, हे सगळे कागदावर क्षेत्रफळ भरून काढते. पण तिथे मुले खेळू शकत नाहीत. प्रस्ताव मंजूर होण्याआधी या मुद्द्यावर दिलेले पत्र अधिकाऱ्यांना गांभीर्याने घ्यावे लागते.

सरकारी संस्थेसाठीचे आरक्षण असेल तर कलम ५० चाही एक मार्ग आहे. ज्या संस्थेसाठी जागा राखली तिनेच 'आम्हाला नको' असे कळवले, तर आरक्षण वगळता येते. क्रीडांगणाच्या बाबतीत हे सहसा येत नाही.

आता बांधकाम परवानगीची फाइल कशी फिरते ते पाहू. मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ती डिसेंबर २०२० मध्ये अमलात आली. बोलताना सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईला स्वतःची नियमावली आहे. अर्ज वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता ऑनलाइन दाखल करतो. सोबत सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, झोन दाखला, कुलमुखत्यारपत्र आणि इमारतीचे नकाशे असतात. जागा पाहायला कनिष्ठ अभियंता किंवा बिल्डिंग इन्स्पेक्टर जातो. फाइल उपअभियंता आणि कार्यकारी अभियंत्यांकडून वर जाते. अग्निशमन, वृक्ष, पाणी आणि मलनिस्सारण या विभागांचे ना-हरकत दाखले लागतात. विमानतळाजवळ असेल तर उंचीचाही दाखला. त्रुटी निघाल्या तर त्रुटीपत्र जाते. पूर्तता झाली, चलन भरले, की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर जोते (प्लिंथ) तपासणी आणि शेवटी इमारत वापरायला परवानगी देणारे भोगवटा प्रमाणपत्र. छोट्या भूखंडांना सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला फक्त नकाशे सादर करून काम सुरू करता येते आणि १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला १० दिवसांत परवानगी द्यायची असते.

अर्ज किंवा त्रुटींची पूर्तता मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय झाला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. अट इतकीच, की प्रस्ताव नियमात बसणारा असावा. या मुदतीमुळे अधिकारी तुमचे पत्र 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवू शकत नाही आणि तुमच्यासाठी फाइल थांबवूनही ठेवू शकत नाही. पत्र लवकर गेले तर तुमचा मुद्दा त्रुटीपत्रात येऊ शकतो. प्रारंभ प्रमाणपत्र निघाल्यावर तेच पत्र नुसती तक्रार ठरते.

या टप्प्यावर कोणते मुद्दे चालतात? 'आमचा उजेड जाईल', 'गर्दी वाढेल', 'आमच्या फ्लॅटचा भाव पडेल' हे चालत नाहीत. ते खोटे असतात म्हणून नव्हे. नियमावलीत त्यांचा रकानाच नाही म्हणून. मालकीचा वादही पालिका सोडवत नाही. दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आणला नाही, तर 'मालकीचा प्रश्न आमच्या कक्षेत नाही' असे उत्तर येते आणि ते उत्तर बरोबरच असते. चालतात ते मोजता येणारे मुद्दे.

त्यात सर्वांत मोठा मुद्दा रस्त्याच्या रुंदीचा. किती मजले चढणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. मोठ्या महापालिकांच्या बिगर-दाटवस्ती भागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा), १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही आणि टीडीआरही नाही. रस्ता ९ ते १२ मीटरचा असेल तर ०.५० प्रीमियम आणि ०.४० टीडीआर, मिळून २.००. त्यावर रहिवासी इमारतीला जिने, बाल्कनी अशा भागांसाठी ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय. १,००० चौरस मीटरच्या भूखंडाचे गणित मांडून पाहा. ८.५ मीटर रस्त्यावर १,१०० आणि पूरक ६६० मिळून १,७६० चौरस मीटर. ९ मीटर रस्त्यावर २,००० आणि पूरक १,२०० मिळून ३,२०० चौरस मीटर. अर्ध्या मीटरच्या फरकाने बांधकाम पावणेदोन पटींहून जास्त होते. म्हणून नकाशावर '९ मी. रस्ता' लिहिले असेल तर तो रस्ता कुठला, ते विचारा. मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) आहे, डीपीतला आहे, की दोन्ही बाजूंच्या मालकांनी पुढे सोडायच्या पट्ट्या धरून कागदावर रुंद केलेला आहे? प्रत्यक्षात टेपने तीन ठिकाणी मोजा, फोटो काढा, मोजमाप आणि दिनांक लिहा. हा मुद्दा नीट मांडला तर अधिकारी तो सोडून पुढे जाऊ शकत नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. 'एफएसआय १.१० असताना इतकी मोठी इमारत कशी?' अशी तक्रार दर दुसऱ्या पत्रात असते. वरचे गणित पाहिले की कळते, ती इमारत नियमातच असू शकते. अशा एका चुकीच्या मुद्द्यामुळे पत्रातले चार बरोबर मुद्देही हलके होतात.

बाकीचे तपासण्याचे मुद्दे असे. सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, नकाशाप्रमाणे आहेत का. ओढा किंवा नाला मोजणी नकाशात आहे, पण इमारतीच्या नकाशातून गायब झाला आहे का. नदीकाठी असाल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते: निळी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर १० टक्के खुली जागा दाखवली आहे का, आणि जुन्या रेखांकनातली सामाईक खुली जागाच पुन्हा नवी म्हणून दाखवली आहे का. हा शेवटचा प्रकार जुन्या लेआउटच्या पुनर्विकासात वारंवार दिसतो. तो उघडा पाडायचा तर मूळ मंजूर रेखांकनाची प्रत लागते. ती नसेल तर सगळे बोलणे हवेत राहते.

कागद मिळवायचे कसे? माहितीच्या अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साध्या पानाला २ रुपये, मोठ्या नकाशाला प्रत्यक्ष खर्च. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा. लांबलचक अर्ज याच कारणावरून परत येतात. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, म्हणून प्रती मागण्याबरोबरच 'फाइलचे अवलोकन करायचे आहे' असेही लिहा. अवलोकनात टिपणी पाने पाहायला मिळतात. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर काय पाहिले, वरच्याने कोणती शंका काढली आणि ती कशी मिटवली, ते तिथेच कळते. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल तर मंजूर नकाशे आणि प्रारंभ प्रमाणपत्र त्यांच्या संकेतस्थळावर अर्ज न करताच पाहता येतात. पुष्कळांना हे माहीत नसते आणि महिनाभर वाया जातो.

आता हरकत लिहिण्याबद्दल. कलम ३७ चा फेरबदल असो की पूर्ण विकास योजनेचे प्रारूप, म्हणजे मसुदा, पत्राची घडण एकच. एका पत्रात एकच विषय. सुरुवातीला राजपत्र सूचनेचा क्रमांक व दिनांक; मग सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, नकाशाचा भाग. त्यानंतर लगेच मागणी, एका वाक्यात. मग कारणे, पुराव्यासह. शेवटी पर्याय आणि 'सुनावणी मिळावी' ही विनंती. नमुना म्हणून समजा:

'विषय: सर्व्हे नं. ४५/२ मधील आरक्षण क्र. ११२, क्रीडांगण, वगळण्याच्या प्रस्तावित फेरबदलास हरकत. मागणी: सदर आरक्षण कायम ठेवावे. कारण १: विकास योजना अहवालातील तक्त्यानुसार या सेक्टरमध्ये क्रीडांगणांचे नियोजित क्षेत्र गरजेपेक्षा आधीच कमी आहे, हे आरक्षण वगळल्यास ते आणखी घटेल. प्रत सोबत. कारण २: सर्वांत जवळचे दुसरे मैदान १.८ किलोमीटरवर असून मध्ये महामार्ग ओलांडावा लागतो. नकाशा सोबत. पर्याय: पूर्ण संपादन शक्य नसल्यास आरक्षण न वगळता समावेशक आरक्षणाच्या तरतुदीखाली सलग चौरसाकृती जागा, मुख्य रस्त्याकडील बाजूस, मैदान म्हणून घ्यावी.'

यातले पहिले कारण सर्वांत वजनदार, कारण ते पालिकेच्याच कागदातून आले आहे. प्रत्येक विकास योजनेसोबत एक अहवाल असतो. त्यात लोकसंख्येचा अंदाज, प्रत्येक सुविधेची गरज आणि केलेली तरतूद यांचे तक्ते असतात. नकाशा सगळे पाहतात, अहवाल कुणी उघडत नाही. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. आपल्या भागाचा आकडा त्याशेजारी मांडला, की मुद्दा आपोआप उभा राहतो.

पर्याय का द्यायचा, असे विचारले जाते. 'रद्द करा' एवढीच मागणी असेल तर सुनावणी घेणाऱ्यांपुढे दोनच वाटा राहतात, होय किंवा नाही. पर्याय दिला तर तिसरी वाट खुली होते, आणि पुष्कळदा निर्णय तिसऱ्या वाटेनेच जातो.

एकच मजकूर ५०० जणांनी सह्या करून दिला तर कार्यालय ते सगळे एका गटात टाकते आणि एक मुद्दा म्हणून ऐकते. संख्येने लोकांची तीव्रता दिसते आणि ती दिसावीच. पण त्याबरोबर दहा-बारा जणांनी आपापल्या अनुभवाचे वेगळे पत्र दिले पाहिजे: शाळेच्या मुख्याध्यापकांनी मैदान नसल्याबद्दल, ज्येष्ठ नागरिक संघाने अंतराबद्दल, डॉक्टरांनी रुग्णवाहिकेच्या वाटेबद्दल. सोसायटीच्या नावाने पत्र देताना समितीच्या ठरावाची प्रत जोडा. नाहीतर सुनावणीत 'तुम्ही कुणाच्या वतीने बोलता?' या प्रश्नावर वेळ जातो. पत्र आवक विभागात देऊन क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. ईमेलने पाठवलेत तरी एक छापील प्रत द्याच. पोच नसेल तर हरकत नोंदवल्याचे पुढे कुठेही सिद्ध करता येत नाही, न्यायालयातही नाही.

पूर्ण विकास योजनेची रचना थोडी निराळी आहे. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते. मुदत सूचनेत लिहिलेली असते. ३० दिवसांची असो वा ६० दिवसांची, छापलेली तारीखच खरी, मुदतवाढीच्या अफवेवर विसंबू नका. हरकती ऐकण्यासाठी कलम २८ खाली नियोजन समिती बसते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणाची जाण असलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. समितीचा अहवाल पालिकेकडे जातो, पालिका बदल करते, बदलांची यादी प्रसिद्ध होते आणि आराखडा शासनाकडे जातो. शासनाला मोठे बदल करायचे असतील तर कलम ३१ खाली ते सारभूत फेरबदल म्हणून पुन्हा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. ही दुसरी संधी फार लोक गमावतात. पहिल्या फेरीत आपल्या मैदानाला धक्का नव्हता म्हणून निर्धास्त राहतात आणि बदल शासनाच्या टप्प्यावर येतो.

हरकतींचा उपयोग होतो का? मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. उभ्या इमारतींवरून रस्ते, चुकीची नावे, गायब झालेल्या वास्तू अशा चुका नागरिकांनी एकेक करून दाखवल्या. एप्रिलमध्ये तो मागे घेऊन नव्याने करायचे ठरले, मे २०१६ मध्ये सुधारित प्रारूप निघाले आणि २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. पुण्यातही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. २०१५ मध्ये शासनाने ते काम आपल्या हाती घेतले आणि २०१७ मध्ये आराखडा मंजूर झाला. मुंबईत 'इथे नकाशा आणि जागा जुळत नाही' असे पत्त्यासकट दाखवणाऱ्या हरकतींना उत्तर देणे प्रशासनाला जड गेले.

सुनावणीला प्रत्येकाला मोजकी मिनिटे मिळतात, काही वेळा एक-दोनच. आवक क्रमांक, मागणी, सर्वांत मजबूत कारण, पर्याय, या क्रमाने बोला. इतिहास सांगत बसू नका. ए-३ कागदावर रंगीत नकाशा न्या, मैदान ठळक करून. समितीतले सगळे एकाच वेळी तो पाहू शकतात. मुद्द्यांची लेखी टिपणी सदस्यसंख्येइतक्या प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर सही घ्या. स्वतः जाता येत नसेल तर अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी पाठवा. गैरहजर राहिलात तर लेखी हरकत विचारात घेतली जाते, पण शंका विचारली गेली तर उत्तर द्यायला कुणी नसते.

'एवढा मोठा प्रकल्प, मग जनसुनावणी का नाही?' हाही प्रश्न येतो. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. मात्र बांधकाम आणि टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले आहे. कारखाने, खाणी यांच्यासाठी ती असते: जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, किमान ३० दिवसांची सूचना, शेवटी इतिवृत्त उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक. गृहप्रकल्पाबाबत मात्र पर्यावरण मंजुरीच्या परिवेश पोर्टलवरचा अर्ज वाचून राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे लेखी म्हणणे पाठवणे एवढेच हाती राहते. मंजुरी मिळाल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात ३० दिवसांत अपील करता येते. उशिराचे सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत. झाडे तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली झाडावर आणि वृत्तपत्रात सूचना लावावी लागते आणि हरकतीला जेमतेम आठवडा मिळतो. झाडांची गणना अर्जात कमी दाखवलेली असते, म्हणून प्रत्येक झाडाचा क्रमांक घातलेला फोटो आधीच काढून ठेवा.

परवानगी निघून गेली असेल तरी सगळेच संपले असे नाही. मंजूर नकाशा सोडून बांधकाम झाले तर कलम ५३ आणि ५४ खाली नोटीस आणि काम थांबवण्याची मागणी करा. जोते तपासणीचा टप्पा त्यासाठी सर्वांत सोयीचा, कारण चुकीचे जोते तेव्हाच मोजता येते. खोटी माहिती देऊन परवानगी मिळवल्याचे कागदावर दाखवता येत असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली, मुंबई वगळता, ती रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम ५१ खालीही परवानगी मागे घेता येते. पण झालेला खर्च मालक मागू शकतो, म्हणून प्रशासन ते कलम सहसा वापरत नाही. शेवटी उच्च न्यायालयात रिट. उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याविरुद्ध परिसरातले रहिवासी दाद मागू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्ट प्रकरणात मान्य केले आहे. न्यायालयात पहिला प्रश्न येतो तो उशिराचा. म्हणून कळल्याचा दिवस, दिलेले प्रत्येक पत्र आणि प्रत्येक पोच तारखेने लावून ठेवा.

तुमच्या बाबतीत या आठवड्यात दोन अर्ज जायला हवेत. पहिला नगररचना विभागाकडे: आरक्षण क्रमांक देऊन 'या जागेबाबत कलम ३७ खाली प्रस्ताव, कलम १२७ खाली सूचना किंवा समावेशक आरक्षणाचा अर्ज प्रलंबित आहे का, असल्यास दिनांकासह प्रती द्याव्यात'. दुसरा बांधकाम परवानगी विभागाकडे, त्याच सर्व्हे नंबरवर अर्ज दाखल आहे का, आणि असल्यास फाइलचे अवलोकन मिळावे म्हणून. उत्तर कलम १२७ चे आले, तर मालकाची सूचना पालिकेला मिळाल्याची तारीख सर्वांत आधी पाहा आणि त्यापुढे २४ महिने मोजा.